साखर पेठ की विजापूर रोड

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोनच विषय होते. एक, माझा अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल. दुसरा, साखर पेठेत राहायचं की विजापूर रोडला जायचं. पहिल्यावर फक्त मी आणि अम्मा बोलायचो, तेही हळू आवाजात. दुसऱ्यावर अख्खी पेठ बोलायची. माझे वडील, माझे थोरले काका, कोपऱ्यावरचा न्हावी, वडिलांच्या कचेरीतले दोन कारकून, समोरच्या मागवाल्याचा दिवाणजी. ज्याला म्हणून मिशी होती त्याला मत होतं. आजही कुणी घर बदलताना चार पुरुष जमवून 'हा भाग बरा की तो' असं विचारायला लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं म्हातारीला काय झालं मध्येच.

साखर पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या दोन खोल्यांत थोरले काका, काकू, त्यांचा मुलगा आणि त्याची नवी बायको. खाली माग होते. सकाळी माग सुरू झाले की भिंती थरथरायच्या, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची, आणि आम्ही सगळे जरा ओरडूनच बोलायचो. सुताचा बारीक भुगा पाण्याच्या हंड्यावर, भाकरीवर, भावांच्या पापण्यांवर बसायचा. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, दाराबाहेर सोलापूरचं मराठी. इथं सगळ्यांच्या तोंडी मी मराठीच घालते आहे, पण ते ओरडून बोललेलं आहे हे लक्षात ठेवावं.

अम्मा विड्या वळायची. पेठेतल्या बहुतेक बायका वळायच्या. गल्लीत सावलीच्या कडेनं त्या ओळीनं बसायच्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड दुमडायचं. बघणाऱ्याला वाटावं ही बाई नुसती हात झटकते आहे, आणि सुपात विड्यांचा ढीग. संध्याकाळी त्या विड्या टोपलीत घालून कारखान्याच्या शाखेत द्यायच्या. तिथला तपासणारा खराब विड्या बाजूला काढणार, ती छाट. मग दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन घरी. माझ्या आठवणीत अम्माची छाट फारशी कधी निघाली नाही. तिचा तोरा होता तो, आणि असावाच.

आमच्यात तेव्हा मुलगी बघायला आले की पोह्यांच्या बशीमागून सूपही पुढं यायचं. 'वळून दाखव' म्हणायचे. रंग, नाक, उंची हे सगळं नंतर. काकूनं सून आणली ती अशीच, हात बघून. मला मात्र अम्मानं कात्रीला हात लावू दिला नाही. दुसऱ्यांच्या पोरी आठव्या-नवव्या वर्षी आईशेजारी बसून दोरा गुंडाळायच्या, मी खिडकीत पुस्तक घेऊन. काकू कपाळाला हात लावायची. "हिला कोन करून घेनार गं?"

"कालेजवाले घेतील की," अम्मा म्हणायची, मान वर न करता.

तर तिचं ठरलेलं होतं, माझं ठरलेलं होतं. अकरावी झाली की कॉलेज. वडिलांचा पगार घराला पुरायचा, कसाबसा. कॉलेज अम्माच्या विड्यांवर होणार होतं. हे वडिलांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं त्यांनी नंतर म्हटलं ते खोटं होतं.

वडील आमच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. त्यांचे वडील मागावर, भाऊ मागावर, आणि हे सरकारी कचेरीत पंख्याखाली टेबलावर. त्याचा अभिमान आम्हालाही होता, उगाच खोटं का बोलू. पण त्या टेबलानं त्यांच्या नाकाला काहीतरी केलं. त्यांना तंबाखूचा वास सोसेना. कचेरीचे सदरे ते घरात ठेवत नसत, गॅलरीत वेगळ्या दोरीवर टांगत, वर धोतर झाकून. एकदा त्यांचे हेडक्लार्क घरी यायचे होते तेव्हा अम्माचं सूप, पानं, तंबाखूचा डबा, सगळं कॉटखाली सरकवलं आणि तिला आतल्या खोलीत बसवलं. हेडक्लार्क चहा पिता पिता शिंकले. वडील म्हणाले, "खाली मागांचा भुगा आहे ना साहेब, त्याचा त्रास." माग बिचारे आमच्या तंबाखूचं पाप डोक्यावर घेऊन खटखटत राहिले. तेव्हा मी हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही.

त्याच हेडक्लार्कांच्या ओळखीनं विजापूर रोडचं घर निघालं. शहर संपतं तिथं नव्या खोल्यांची एक ओळ बांधली होती. भाड्यानं, पण पुढंमागं विकत मिळेल म्हणत होते. कचेरीतले बरेच जण तिकडं गेले होते. वडील रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्या जागेचं वर्णन करायचे. हवा कशी मोकळी. घरात नळ कसा. शेजार कसा शिकलेला. थोरले काका पेठेची बाजू घ्यायचे, पण तीही कशी, तर बाजार जवळ, देऊळ जवळ, मयताला चार माणसं हाकेला. न्हावी म्हणाला, तिकडं साप निघतात. दिवाणजी म्हणाला, तिकडं जागेचा भाव चढणार. ही सगळी चर्चा अम्माच्या डोक्यावरून चालायची, अक्षरशः डोक्यावरून, कारण ती कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसून विड्या वळत असायची. तिला कुणी विचारलं नाही. पाण्याचं, दळणाचं, पोरांच्या शाळेचं, कशाचंच नाही. ती माणसं पेठा तोलत होती आणि तराजू जिच्या खांद्यावर होता तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

तिनं आपण होऊन एकच गोष्ट विचारली. "तिकडं कारखान्याची शाखा कुटं हाय?"

वडील हसले. "तिकडं शाखा कशाला? तिकडं चांगली मानसं ऱ्हातात."

अम्मानं दोरा तोडला आणि पुढची विडी घेतली. मी तिच्या मागं उभी होते. तिच्या मानेवरची शीर टरारलेली मला दिसली. बाकी कुणाला दिसली नसावी, किंवा दिसून उपयोग नव्हता.

एका रविवारी आम्ही ते घर बघायला गेलो. वडील, अम्मा, मी, दोघे धाकटे भाऊ. सात रस्ता चौकात बस बदलली, पुढं शेवटच्या थांब्यावर उतरून मातीच्या रस्त्यानं चालत. मे महिना. एवढं ऊन की बाभळीखालची शेळीसुद्धा उठायला तयार नव्हती. पण खरं सांगते, ते घर मला आवडलं. दोन खोल्या, मध्ये दार, मागं मोरीत नळ, पुढं ओटा. खिडकीतून दूरवर माळ दिसायचा. आणि शांतता. माग नाहीत, गिरणीचा भोंगा नाही, कुणाचं कुणाशी नळावर भांडण नाही. मी मनातल्या मनात खिडकीखाली टेबल ठेवलं, टेबलावर कॉलेजची पुस्तकं ठेवली. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी विजापूर रोड म्हटलं असतं, आणि अम्मालाही ओढून नेलं असतं. मलाही कुणी विचारलं नाही.

अम्मा ओट्यावर बसली. उजेड कुठून येतो ते बघितलं. तिला उजेडाची सवय होती, कामाला लागतो म्हणून. शेजारच्या घरातून एक बाई पाणी घेऊन आल्या, वडिलांच्याच कचेरीतल्या एकांच्या पत्नी. स्वभावानं चांगल्या. अम्मानं त्यांना विचारलं, "दिवसभर काय करता हितं?"

"जातो की दिवस," त्या म्हणाल्या. "मुलं शाळेत गेली की जरा विणकाम, रेडिओ. दुपारी झोप. तुम्ही काय करता?"

अम्मा तोंड उघडणार तोच वडील म्हणाले, "ती घरीच असते."

घरीच असते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जिचे हात थांबत नाहीत, जिच्या बोटांच्या टोकांना कायमचा तपकिरी रंग चढलेला, ती घरीच असते. अम्मानं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिच्या हातांची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी तिला वाटली, तिच्या नवऱ्यानं वाटायला लावली, आणि त्याचा राग माझ्या पोटातून अजून गेलेला नाही. परतीच्या बसमध्ये वडील खुशीत होते. भावांना शेंगा घेऊन दिल्या.

निकाल लागला, मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. अम्मानं गल्लीतल्या सगळ्या बायकांना साखर वाटली. वडीलही खूश झाले, नाही असं नाही. म्हणाले, "विजापूर रोडवरनं कालेजला सरळ बस हाय." मी विश्वास ठेवला.

आता कार्डाचं सांगायला हवं. विडीचं कार्ड म्हणजे कारखान्यानं त्या बाईला आपली कामगार म्हणून धरल्याची खूण. कार्ड असेल तर रोज पान-तंबाखू मिळणार. नसेल तर दुसरीच्या कार्डावर वळायचं, आणि ती हातावर ठेवील ते मुकाट्यानं घ्यायचं. कार्डं शाखेतच मुनीमाजवळ राहत, आणि नवं सहजी निघत नसे. म्हणून कार्ड घरातल्या घरात फिरायचं. सासू थकली की सुनेकडं, बहीण गाव सोडून गेली की बहिणीकडं, घरातल्या परातीसारखं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण एक रीत होती. जिचं कार्ड, ती स्वतः शाखेत जायची आणि म्हणायची, आता माझ्यानं होत नाही, हिच्या नावावर करा. थकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तेवढ्यासाठी यायच्या.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. मी अम्माबरोबर शाखेत गेले होते, टोपली धरायला. बायकांची लांब रांग. आमची पाळी आली. तपासणाऱ्यानं विड्या बघितल्या, नेहमीसारख्या मोजून घेतल्या, आणि अम्मा पान-तंबाखूसाठी मुनीमाच्या टेबलाशी गेली. मुनीम म्हणाला, "अक्का, तुमाला आता कशाला पान?"

"म्हंजे?"

"तुमी विजापूर रोडला चाललाव की. तुमच्या मालकांनी काल येऊन सांगितलं. कार्ड पुतन्याच्या बायकूच्या नावावर करा म्हनले. उद्यापास्नं ती येनार."

मी अम्माकडं बघितलं. मला वाटलं तिला हे माहीत असेल. तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघून मी टोपली खाली ठेवली. रांगेतल्या बायकांनी ऐकलं होतं, आणि त्या सगळ्या आमच्या गल्लीतल्या, तिच्याशेजारी वर्षानुवर्षं बसलेल्या.

"मी सांगितलं काय तुमाला?" अम्मा म्हणाली.

"मालकांनी सांगितलं म्हनल्यावर..."

"कार्डावर अंगठा कुनाचा हाय? माझा का मालकाचा?"

मुनीम हसायला गेला, पण ते जमलं नाही. म्हणाला, "घरचं हाय ते. घरात मिटवा. मला मागची रांग घेऊ द्या."

मग अम्मानं जे केलं ते मी तिच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. ती वळली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात बसली. आत यायची वाट तीच. रडली नाही, ओरडली नाही. पदर खोचून, पाय पसरून, जशी गल्लीत बसायची तशी बसली. रांगेतली पुढची बाई तिला ओलांडून आत जाईना. आमच्यात बसलेल्या बाईला ओलांडत नाहीत, आणि त्या दिवशी तर कुणाच्या मनातच नव्हतं. बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. ओली पानं घरी वाळत होती, चुली पेटायच्या होत्या, तरी एकही हलली नाही. तपासणारा आतून हाका मारत होता. शेवटी मुनीमच उठला. "अजून नाव बदललं न्हाय, काय न्हाय," असं पुटपुटत त्यानं कार्ड तिच्या हातात दिलं. अम्मानं ते चोळीत ठेवलं आणि म्हणाली, "उद्याचं पान द्या."

घरी जाताना ती भराभर पुढं चालत होती. मीच बडबडत होते, रागानं, काय काय बोलले ते आठवत नाही.

त्या संध्याकाळी भांडण झालं. वडील प्रथम कबूलच करेनात की यात भांडण्यासारखं काही आहे. "आपन जानार. कार्ड वाया जानार. घरातल्या घरात दिलं तर काय बिघडलं? तुझ्याच सुखासाठी करायलोय मी. बस की जरा आरामात." थोरले काका म्हणाले, घरातली वस्तू घरात राहिली. काकू खाली बघत राहिली. तिला कार्ड हवं होतं आणि ते असं नको होतं. तिच्या सुनेनं मात्र दारातून सरळ सांगितलं, "मला काकींचं नको." एकोणीस वर्षांची होती ती. त्या घरातलं त्या दिवसाचं सगळ्यात शहाणं वाक्य तिचं होतं, आणि त्यासाठी तिला सासऱ्याच्या शिव्या खाव्या लागल्या.

"मला इचारायचं तरी," अम्मा म्हणाली.

"काय इचारायचं? तू काय म्हननार मला ठावंच होतं की."

माणसाला आपण काय बोलतो हे कधी कधी कळत नाही. ती नाही म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. म्हणजे ते दोन महिने कट्ट्यावरची चर्चा, हवा, नळ, बाजार, साप, सगळं नाटक. निकाल आधीच ठरलेला, आणि तिनं मागं फिरू नये म्हणून तिचं काम गुपचूप काढून घेतलेलं. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी माझ्यावर हात उगारला, मारला नाही. अम्मा मध्ये आली आणि मला म्हणाली, "गप बस."

सामान नेण्याच्या दिवशी टांगा आला, मागं हातगाडी. वडिलांनी भांडी, गाद्या, ट्रंका चढवल्या. आम्ही पोरं तयार. अम्मा गल्लीत तिच्या जागी बसली होती, मांडीवर सूप. वडील म्हणाले, "चल." ती म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी जावेकडं ऱ्हाते, सुटीच्या दिवशी येईन."

सबंध गल्ली बघत होती. वडिलांना तमाशा नको होता. कचेरीत काम करणाऱ्या माणसानं भर गल्लीत बायकोला ओढून नेलं असं व्हायला नको होतं. ते लाल झाले, टांग्यात बसले. अम्मा मला म्हणाली, "तू जा दोन-चार दिवस. भावांचं बघ. मग बघू." त्या क्षणी माझी छाती अभिमानानं फुगली होती. माझ्या आईनं नवऱ्याला भर गल्लीत नाही म्हटलं होतं. आपल्याला काय सांगितलं जातंय याकडं माझं लक्षच नव्हतं.

विजापूर रोडला पहिल्या दिवशी मी चूल मांडली. दुसऱ्या दिवशी भाकरी करपल्या. मग करपेनाशा झाल्या. पहाटे नळ यायचा, पाणी भरायचं, वडिलांचा डबा, भावांचे डबे, धुणं, केर, पुन्हा स्वयंपाक. खिडकीतून माळ दिसायचा, हो. खिडकीखाली टेबल आलं नाही, तिथं पिठाचा डबा ठेवला. शेजारच्या बाई कौतुक करायच्या, "किती गुणाची पोर." त्या कौतुकानं अंगाची लाही व्हायची. शांतता होती. एवढी शांतता की दुपारी माझ्या भांड्यांचा आवाज मलाच नकोसा व्हायचा. दोन-चार दिवस कधीच संपून गेले होते. कॉलेजचे फॉर्म मिळायला लागले. मी वडिलांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ दे. घराचं बघायला कोनतरी पायजे. तुझी आई आडमुठी, मी काय करू?"

म्हणजे झालं. आईचं काम गेलं नाही, तर पोरीचं शिक्षण गेलं. काहीतरी जायलाच हवं होतं. आपलं काहीही न जाता घर बदलायचं हा त्यांचा हिशेब पक्का होता.

सुटीच्या दिवशी अम्मा आली. पाहुणीसारखी, हातात भज्यांची पुडी. मी तिला मोरीत नेलं आणि सगळं सांगितलं. फॉर्म सुटलेत, शेवटची तारीख जवळ आली आहे, मला इथून सोडव. तिनं माझे हात बघितले, बोटावर भाजल्याचा फोड होता, त्यावर फुंकर घातली. म्हणाली, "बघू. पोरांची आबाळ होतीया. जरा थांब." आणि संध्याकाळच्या बसनं निघून गेली.

मी रात्रभर वडिलांवर चिडले नाही. वडिलांवर चिडून चिडून झालं होतं. मी अम्मावर चिडले. तिनं स्वतःसाठी उंबरा अडवला होता. तिच्यासाठी अख्खी रांग टोपल्या खाली ठेवून उभी राहिली होती. मग माझ्यासाठी फक्त 'जरा थांब'? तिनं मोकळी केलेली जागा भरायला मला पाठवलं होतं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. पेठ बरी की विजापूर रोड बरा, यात माझं नाव त्यांच्यातल्या कुणाच्याच तोंडी नव्हतं. तिच्याही नव्हतं.

सकाळी वडील कचेरीत गेले, भाऊ शाळेत गेले. मी केर काढला. चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं. परात पालथी घातली. शेजारच्या बाईंकडं किल्ली दिली आणि सांगितलं, "पोरं आली की द्या. मी पेठेत चालले." त्यांनी विचारलं, "कधी येणार?" मी म्हटलं, "नाही येणार." आणि माझी मार्कलिस्ट, दोन पोलकी, एवढं पिशवीत घेऊन चालायला लागले. बसला थांबायचाही धीर नव्हता. ऊन, धूळ, सात रस्त्याची गर्दी, विजापूर वेशीतली गर्दी, सगळं रागाच्या भरात मागं टाकत गेले. पेठेत शिरले तेव्हा आधी मागांची खटखट ऐकू आली, मग बायका दिसल्या.

अम्मा ओळीत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले. सगळ्यांचेच थांबले. घामानं भिजलेली, पिशवी घेतलेली, डोळे लाल झालेली पोर बघून आईनं काय विचारावं? काय झालं, विचारावं. पाणी देऊ का, विचारावं. तिच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मग तिकडं सैपाक कोन करनार?"

"जो खाईल तो," मी म्हटलं.

गल्लीत कुणीतरी फस्सकन हसलं. काकूची सून असावी. अम्मा हसली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ती सूप बाजूला ठेवून उठली. तशीच, तपकिरी बोटांनी, तंबाखूच्या वासाच्या लुगड्यानं, माझ्याबरोबर कॉलेजात आली. आत जाताना मी तिचा हात धरला होता. फॉर्म मी भरला. पालकाच्या सहीच्या जागी तिनं अंगठा उठवला.

संध्याकाळी वडील दोघा भावांना घेऊन पेठेत आले. मला वाटलं आता आकाश कोसळणार. ते कट्ट्यावर बसले, काकांशी बोलले, माझ्याकडं बघितलं नाही. पुढं वर्षभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या रात्री तिघे काकांकडं जेवून परत गेले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सात रस्त्याच्या एका खानावळीतून डबा लावला. माणूस सायकलवरून दोन्ही वेळा आणून देई. भाऊ म्हणायचे, भाजी बरी असते, वरण जरा पातळ असतं.

एक डबा. तेवढंच लागत होतं. त्यासाठी आधी त्यांनी माझ्या आईचं काम काढून घ्यायला बघितलं आणि मग माझं शिक्षण.